दोष आईच्या पदरात का?

राळेगावसारख्या तालुक्यात एखादी स्थूल बाई हाडकुळे मूल कडेवर घेऊन अंगणवाडीच्या वजनकाट्यापाशी आली, की पाहणाऱ्यांच्या नजरा बोलू लागतात. ‘आई खाऊन माजली, पोर मात्र वाळले!’ शिकलेली माणसेही हा निकाल देऊन मोकळी होतात. या निकालाला आमचा सक्त विरोध आहे. तो निर्दय तर आहेच, शिवाय खोटाही आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या. त्याच वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे वजन वाढले म्हणून पोषण झाले असे नव्हे. पिठूळ अन्न, साखर आणि स्वस्त तेल यांनी चरबी चढते. रक्त वाढत नाही. सर्वांच्या मागून जेवणारी, उरलासुरला भात संपवणारी आई नेमके हेच खाते. चहात बुडवलेल्या बिस्किटावर तिच्या मुलाचीही भूक मरते, वाढ मात्र होत नाही. दोघांच्याही ताटात एकाच गोष्टीची वाण आहे : डाळ, दूध, अंडे, भाजी.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्यानजीकच्या खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. तरीही या किडकिडीत बालकांच्या अंगी स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने अधिक होती. उदरातच उणीव सोसलेले शरीर पुढे चरबी साठवू पाहते. आजची स्थूल आई कदाचित कालचे कुपोषित मूल असेल!

मग दोषी कोण? राळेगावच्या रानात कापूस पिकतो, तो खाता येत नाही. सोयाबीन पिकते, ते तेलाच्या कारखान्याकडे जाते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य दिले; त्याने पोट भरते, परंतु त्यात डाळीचा हक्क नाही. राज्यातील शालेय पोषण आहारात २०२३ साली अंडे आले आणि २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्याचा निधी थांबवला. यांपैकी एकही निर्णय राळेगावच्या आईने घेतलेला नाही.

शासनाने शिध्यात डाळ आणि मुलांच्या ताटात अंडे द्यावे, ही आमची मागणी आहेच. परंतु वाचकहो, स्वयंपाकघर तर आपल्याच हाती आहे. पुरुषांनी घरच्या बाईला आपल्या पंक्तीला बसवावे. घट्ट वरण आधी तिला आणि लेकराला वाढावे. धर्मग्रामातून सणासुदीला गरजूंना शिधा देताना साखर व मैदा यांच्या जागी डाळ आणि शेंगदाणे द्यावेत. एवढेही न करता त्या आईकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.