कोशिंबाची लाल पालवी

कोशिंब, म्हणजेच कुसुंब, हा सह्याद्रीतला पानझडी वृक्ष. रिठा आणि लिची त्याच्याच कुळातले. जुनी पाने गळाली की फाल्गुन-चैत्रात त्याला लालभडक पालवी फुटते. लांबून पाहणाऱ्याला झाड फुलल्यासारखे वाटते. खरी फुले मात्र बारीक, पिवळट-हिरवी असतात आणि सहसा कोणाच्या नजरेत भरत नाहीत. पाने मोठी होताना लाल रंग तांबूस होतो आणि शेवटी गर्द हिरवा.

हा रंग अँथोसायनिन या द्रव्याचा. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरते तयार झालेले नसते. तोवर हे लाल द्रव्य चैत्रातल्या प्रखर उन्हापासून पानाचे रक्षण करते. काश्मीरचा चिनार किंवा परदेशातला मेपल रंगतो तो पाने गळण्याआधी, थंडीच्या तोंडावर. तो रंग नाशिकजवळच्या त्र्यंबकला आणण्याचा हट्ट व्यर्थ आहे. इथली थंडी बोचरी असली तरी मेपलला हवा तसा दीर्घ गारठा इथे नसतो. तिथल्या ब्रह्मगिरी डोंगराच्या पायथ्याशी रंगीत पानांचे झाड हवे असेल, तर कोशिंबच लावावे.

फळे आषाढाच्या सुमारास पिकतात. आंबट गर खाण्याजोगा असतो आणि बियांपासून तेल निघते. गर धुऊन बी दिवसभर पाण्यात भिजवावे आणि ताजेच पेरावे, कारण साठवलेल्या बियांची उगवण घटत जाते. सोटमूळ लवकर खोल जाते, म्हणून बी थेट जागेवर किंवा उंच पिशवीत टोकावे आणि रोप लहान असतानाच हलवावे. त्र्यंबकला पाऊस धो-धो पडतो. पाणी साचणारा खोलगट भाग टाळून उताराची, निचऱ्याची जमीन निवडावी. सुरुवातीच्या वर्षांत गुरे-शेळ्यांपासून काट्यांचे कुंपण आणि उन्हाळ्यात थोडे पाणी, एवढे पुरते.

वाढ संथ असते. पण एकदा मूळ धरलेले झाड तोडले तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. लाखेचे किडे त्यावर पोसले जातात आणि त्यापासून मिळणारी कुसुमी लाख उत्तम प्रतीची मानली जाते. परसात मात्र त्याला भरपूर जागा द्यावी लागते, कारण पूर्ण वाढलेला वृक्ष पंधरा-वीस मीटरपर्यंत जातो. त्र्यंबकला सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने रस्त्याकडेला झाडे लावताना गुलमोहराआधी या देशी झाडाचा विचार व्हायला हवा.