कूलर, पण कसला?

मे महिन्यात अमरावतीला जायचं नाही असं मी दरवर्षी ठरवतो आणि दरवर्षी जातो. यंदाही गेलो. राजापेठेतल्या आमच्या घरात दुपारी दोन वाजता फक्त एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे कूलरसमोर आडवं होणं. तर असा आडवा झालेलो असताना चुलतभाऊ आला, घाम पुसत पुसत.

"दादा, गाडी लय तापते. मिस्त्री म्हन्ते ऑइल कूलर लावून घे. चार हजारात होते म्हन्ते. लावू का?"

हा पोरगा दिवसभर पार्सलं पोचवतो. भर उन्हात, राजापेठ, साईनगर, बडनेरा रोड, परत राजापेठ. गाडी दीडशे सीसीची, कार्ब्युरेटरवाली, एअरकूल्ड, बरीच वर्षं वापरलेली. ती बंद पडली की त्या दिवसाची कमाई बंद. चार हजार म्हणजे त्याच्यासाठी गंमत नाही. त्यामुळे मी आधी उठून बसलो आणि मग म्हणालो, नाही लावायचा.

पुण्यात माझ्या ऑफिसातही ही साथ आहे. गाडी घेतली की तीन महिन्यांत ऑइल कूलर, नवा सायलेन्सर आणि वर फोटो. पगार आपला, गाडी आपली, करा बापडे. पण तेच शहाणपण खाली झिरपत झिरपत पार्सलवाल्या पोरापर्यंत येतं, तेव्हा माझं डोकं इंजिनापेक्षा जास्त तापतं.

मुळात गडबड शब्दातच आहे. वऱ्हाडात 'कूलर' म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो खिडकीतला पत्र्याचा डबा. पाणी, गवताच्या जाळ्या आणि गरागरा फिरणारा पंखा. आपली हवा कोरडी, म्हणून पाण्याची भराभर वाफ होते आणि बाहेर ४५ असताना आत माणूस झोपू शकतो. हा डबा बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा देतो. ऑइल कूलर तसलं काहीही करत नाही! त्यात पाणी नाही आणि असल्या किटमध्ये पंखाही नसतो. ती एक छोटी जाळी आहे. गरम ऑइल तिच्यातून फिरतं आणि समोरून येणारी हवा जमेल तेवढी उष्णता घेऊन जाते. म्हणजे सगळी भिस्त हवेवर. हवा गार हवी आणि हलती हवी.

आता हिशोब करा. ऑइल १२० अंशांवर आहे आणि हवा ३० वर, तर फरक ९० चा. तीच हवा ४५ ची झाली की फरक ७५. उष्णता बाहेर टाकायची ताकद साधारण सहावा हिस्सा गेली. ही घट इंजिनाच्या फिन्सना लागू होते तशीच त्या जाळीलाही. आणि हवा हलती म्हणाल, तर राजापेठ चौकात संध्याकाळी सहा वाजता कुठली हलती हवा? पुढे ऑटो, मागे सिटी बस, बाजूला आपलीच गाडी घरघरतेय. भावाची गाडी तापते ती इथे, आणि नेमकी इथेच ती जाळी जवळजवळ शोभेची वस्तू असते. गाडी पळायला लागली की जाळी काम करते, पण तेव्हा फिन्सनाही वारा मिळतच असतो.

मग मोठ्या गाड्यांना कंपनी का देते? हा मिस्त्रीचा हुकमी प्रश्न. देते, आणि बरोबर देते. आपल्याकडे २००७ साली पल्सर २२० ला होता, २०१६ च्या ४११ सीसी हिमालयनला होता. सुझुकीने तर १९८५ मध्ये जीएसएक्स-आर ७५० चं अख्खं इंजिन ऑइलने थंड ठेवायची पद्धत आणली, पिस्टनच्या पोटावर ऑइलचे फवारे मारून. पण तिथे ऑइल पंप, ऑइलचे मार्ग, ऑइलचं माप हे सगळं त्या हिशोबाने आखलेलं असतं. आपण एखादा मॉड्यूल दुसऱ्याच्या प्रोजेक्टमधून उचलून आणतो आणि मग रात्री दोनला प्रॉडक्शन का पडलं म्हणून रडतो, तसलाच हा प्रकार. दीडशे सीसीत ऑइल असतं जेमतेम लिटरभर. त्यात दोन होज आणि चार जोड वाढवले की गळायच्या जागाही वाढल्या. इंजिनाच्या पुढे गळलेलं ऑइल वाऱ्याने कुठे जातं माहितीये? मागच्या टायरवर. आणि हेडकडे जाणाऱ्या लाइनमधून फाटा काढला आणि होज दुमडला, तर हेडला ऑइलच नाही.

एक मान्य करतो. भरलेली ३५०-५०० ची गाडी घेऊन कोणी मे महिन्यात अमरावती ते अकोला एका दमात, शंभरच्या आसपास काटा ठेवून जात असेल, तर चांगल्या दर्जाच्या, थर्मोस्टॅट असलेल्या कूलरचा उपयोग होईल. (हाच तो पट्टा, २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात गेलेला. रस्ता झकास, सावलीच्या नावाने बोंब.) थर्मोस्टॅट एवढ्यासाठी, की डिसेंबरच्या सकाळी ऑइल नीट तापलंच नाही तर त्यातला ओलावा उडून जात नाही आणि आत चिखल साठतो. ऑइल तापणं हा रोग नाही. ते तापायलाच हवं, ठरलेल्या मर्यादेत.

असो. रविवारी सकाळी उन्हाच्या आधी गाडी अंगणात घेतली. प्रोफाइलर लावल्याशिवाय ऑप्टिमाइझ करायचं नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. मी इन्फ्रारेड गन नेली होती. (चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खोटं बोलते, काळी टेप चिकटवून मोजा.) पण तिची वेळच आली नाही. मेन स्टँडवर लावून ऑइलची पट्टी काढली, तर पट्टी कोरडी! पुसून परत घातली, परत कोरडी. लिटरभर ऑइलवर चालणाऱ्या इंजिनात तीनेकशे मिली कमी, म्हणजे जे उरलंय त्यालाच सगळ्यांची धुणी धुवायची. गाडी सुरू केली तर मागून निळसर धूर. रिंगा गेल्यात, ऑइल जळतंय. फिन्समध्ये गेल्या पावसाळ्यातली काळी माती भाजून वीट झालेली. वर चार महिन्यांपूर्वी 'ॲव्हरेज काढून देतो' म्हणून कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळलेला. पेट्रोल कमी, हवा जास्त, म्हणजे इंजिन आणखी गरम. आधी ॲव्हरेजसाठी गाडी तापवायची आणि मग तापते म्हणून कूलर विकायचा, काय बिझनेस मॉडेल आहे! मिस्त्री वाईट माणूस नाही हो. गिऱ्हाईक जे मागतं ते तो देतो, आणि ऑइलची पट्टी काढून बघा असं कोणी मागत नाही.

मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं, मोटरसायकलचंच ऑइल आणलं. कारचं घालू नका, या गाड्यांचा क्लच ऑइलात बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. जुन्या टूथब्रशने फिन्स घासल्या. स्क्रू जागेवर आणला. चौकात सिग्नलला इंजिन बंद करायचं आणि दर रविवारी पट्टी बघायची, असं भावाकडून कबूल करून घेतलं. ते चार हजार रिंग-पिस्टनच्या कामाला ठेवायला सांगितले. ते काम लवकर केलं नाही, तर एखाद्या दुपारी गाडी रस्त्यातच जाम होणार आणि मग बोअरसकट सगळंच उघडावं लागणार.

संध्याकाळी तो चौकातून दोन चकरा मारून आला. गाडी पूर्वीपेक्षा बरी वाटते म्हणाला. मी विजयी मुद्रेने चहा प्यायला लागलो.

"पन दादा," कप खाली ठेवत तो म्हणाला, "ते जाळी लावली का गाडी दिसते भारी."