भरणारें पात्र आणि विसरणारा पहारेकरी

पूर्वीं लग्नघरीं मुहूर्त साधण्यासाठीं घटिकापात्र ठेवीत असत. तळाशीं सूक्ष्म छिद्र असलेली ती वाटी २४ मिनिटांत भरून बुडे. ती बुडणारच हें सर्वांस ठाऊक असल्यामुळें, तिला पुन्हां तरंगत ठेवून घटका मोजण्याची तजवीज आधींच केलेली असे. संगणकाच्या कालगणनेंत मात्र हा विवेक पुष्कळदां राहून जातो, असें आमचें मत आहे.

संगणक चालू झाल्यापासूनचा काळ एका ठराविक मापाच्या खान्यांत मोजला जातो. ३२ बिटांच्या खान्यांत ४,२९,४९,६७,२९६ निरनिराळ्या संख्या मावतात. सेकंदाचा हजारावा भाग एकक धरला, तर हें पात्र सुमारें ४९.७ दिवसांत भरतें; शंभरावा धरला, तर सुमारें ४९७ दिवसांत. मग गणना एकाएकीं शून्यावर येते, आणि मोठा अंक तो नंतरचा, असें समजणारी आज्ञावली फसते. चांचणी चालते दोनचार दिवस. दोष उगवतो पन्नासाव्या दिवशीं!

१४ सप्टेंबर २००४ रोजीं दक्षिण कॅलिफोर्नियांतील विमानवाहतूक नियंत्रकांचा वैमानिकांशीं असलेला ध्वनिसंपर्क तीन तासांहून अधिक काळ तुटला. अशाच एका गणकाची मर्यादा संपली होती. यंत्रणा दर ३० दिवसांनीं बंद करून पुन्हां चालू करावी, असा नियम होता. तो एकदां पाळला गेला नाहीं. राखीव यंत्रणाही निकामी ठरली. कांहीं विमानें नियमापेक्षां अधिक जवळ आलीं. सुदैवानें टक्कर झाली नाहीं.

दोष विसरणाऱ्या कामगाराचा, असें कित्येक म्हणतील. आम्हांस तें पटत नाहीं. विसरणें हा मनुष्यस्वभाव आहे. शेंकडों प्राणांचा भार एकाच्या स्मरणावर टाकणारी व्यवस्थाच सदोष होय. खरा उपाय मुळाशीं आहे. दोन वेळांची थेट तुलना न करितां त्याच खान्यांत वजाबाकी करावी, म्हणजे शून्य ओलांडलें तरी मधलें अंतर बरोबर येतें. लिनक्सच्या कर्त्यांनीं तर ३२ बिटांचा गणक अशा अंकापासून सुरू केला कीं, पांच मिनिटांतच पात्र भरावें व चूक कर्त्याच्या मेजावरच उघडी पडावी. यास आम्ही शहाणपण म्हणतों.

विद्यार्थी मित्रहो, १९ जानेवारी २०३८ रोजीं सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटांनीं, १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या यंत्रांचें पात्र भरेल. तोंवर तुमच्यांपैकीं कित्येक अशीं यंत्रें सांभाळीत असतील. तेव्हां पहारेकरी नेमून स्वस्थ बसूं नका. पात्र केव्हां भरतें, हें आधीं मोजा.