इंधन बदलले, रस्त्याचा मालक तोच

मुंबईच्या रस्त्यावर विजेवर चालणारे वाहन प्रथम धावले ते १९०७ साली. त्या वाहनाचे नाव ट्राम. गिरणी कामगार, पेढीवरचा कारकून, शाळेला निघालेली मुले अशी सारी मंडळी तिच्यात एका बाकावर बसून गेली. पुढे ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या अवघे आठ दिवस आधी, ही ट्राम, तिच्या जोडीची बस आणि शहराचा वीजपुरवठा महापालिकेच्या, म्हणजेच नागरिकांच्या मालकीचा झाला. ३१ मार्च १९६४ रोजी अखेरची ट्राम धावली. मोटारींनी भरू लागलेल्या रस्त्यात ट्राम ही अडचण ठरली होती. शेकडो माणसांना वाहून नेणारे वाहन वाहतुकीला अडथळा ठरावे आणि एकट्या माणसाला वाहून नेणारे वाहन हीच वाहतूक ठरावी, हा शब्दार्थाचा उलटफेर तेव्हापासून रूढ झाला, आणि त्याचा जाब आजतागायत कोणी विचारलेला नाही.

आता विजेचे वाहन परतले आहे. परंतु ते रुळांवरून, बाकांसह आणि चार पैशांच्या तिकिटासह परतलेले नाही. ते परतले आहे बंद काचांच्या, थंड हवेच्या आणि कित्येक लाखांच्या खाजगी मोटारीच्या रूपाने. हीच प्रगती, हेच पर्यावरणाचे रक्षण, असा घोष सत्ताधारी आणि मोटार-भांडवल एका सुरात करीत आहेत. त्या सुरात सूर मिसळण्याचा मोह पुरोगामी म्हणविणाऱ्यांनाही होऊ लागला आहे. म्हणून या नव्या मोटारीचे कोडकौतुक एकदा सामाजिक न्यायाच्या तराजूत घालून पाहणे अगत्याचे झाले आहे.

पहिला प्रश्न असा की, मोटार आहे कोणाकडे? २०११ च्या जनगणनेनुसार देशातील शंभर कुटुंबांपैकी पाचांकडेही मोटार नव्हती. सायकल मात्र सुमारे पंचेचाळीस कुटुंबांकडे होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही मोटार बाळगणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण शंभरात जेमतेम आठ एवढेच दिसते. म्हणजे नव्वदांहून अधिक कुटुंबे पायी, सायकलने, दुचाकीने, रिक्षाने, बसने वा आगगाडीने फिरतात. लोकशाहीत रस्ता या नव्वदांच्या सोयीने बांधला जावा, अशी भाबड्या माणसाची अपेक्षा असेल. प्रत्यक्षात काय घडते?

मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचा पहिला भाग मार्च २०२४ मध्ये खुला झाला. जेमतेम साडेदहा किलोमीटरच्या या रस्त्यावर महापालिकेने तेरा हजार कोटींहून अधिक रुपये खर्च केले. या रस्त्यावर दुचाकीला मज्जाव आणि रिक्षालाही मज्जाव. त्याच वर्षी जानेवारीत खुल्या झालेल्या अटल सेतूवर हाच नियम आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णत्वाने खुला झाला. ७०१ किलोमीटरच्या त्या मार्गासाठी ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या दारात जे वाहन उभे असते त्याला, म्हणजे मोटारसायकलीला, त्यावर प्रवेश नाही. सुरक्षेच्या दृष्टीने या बंदीचे समर्थन करता येईल. परंतु मग बहुसंख्यांना वर्ज्य असलेल्या रस्त्यांवर सार्वजनिक पैसा ओतताना, त्याच बहुसंख्यांच्या बसगाडीसाठी तिजोरी रिती असल्याचे का सांगितले जाते, याचे उत्तर शासनाने द्यावयास हवे.

मुंबईचीच दोन वर्षांतील गोष्ट पाहावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींचा टोल एका रात्रीत माफ झाला. त्यानंतर सात महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये करण्यात आले. मोटारवाल्याचा टोल माफ आणि बसच्या प्रवाशाचे तिकीट दुप्पट! वर्गीय धोरण म्हणजे काय, हे नव्या कार्यकर्त्याला समजावून सांगण्यास याहून सुबोध धडा शोधूनही सापडणार नाही.

विजेच्या मोटारीला तर सवलतींची रेलचेल आहे. तिच्यावरील वस्तू व सेवा कर अवघा पाच टक्के. मग ती दहा लाखांची असो की कोटीची. डिझेलच्या बसगाडीवर मात्र सप्टेंबर २०२५ च्या कपातीनंतरही अठरा टक्के. महाराष्ट्राच्या मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांहून अधिक किमतीच्या विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर सुचविण्यात आला होता. तीस लाखांची मोटार घेणारा हा काही गांजलेला शेतमजूर नव्हे. तरीही तो प्रस्ताव त्याच महिन्यात मागे घेण्यात आला. पुढे राज्याच्या नव्या धोरणाने विजेच्या मोटारींना अटल सेतूसारख्या मार्गांवर टोलमाफीही दिली. त्या माफीत विजेच्या बसगाड्याही आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु बसगाडीच्या पदराआडून अभिजनांच्या मोटारीला माफी मिळवून देण्याची ही चतुराई लक्षात घेतल्यावाचून राहवत नाही. याउलट एसटीच्या तिकिटावर, खेड्यातून बाजाराला निघालेल्या म्हातारीच्या तिकिटावरही, साडेसतरा टक्के प्रवासी कर हेच राज्य वर्षानुवर्षे वसूल करीत आले.

‘पण धूर तर नाही ना?’ असा प्रश्न केला जातो. शहरातल्या रस्त्यावर धूर नाही, हे खरे आणि स्वागतार्हही आहे. मात्र महाराष्ट्राची वीज आजही मोठ्या प्रमाणात कोळसा जाळूनच निर्माण होते. तो कोळसा जळतो चंद्रपुरात, कोराडीत, खापरखेड्यात. पुण्यातील मोटारवाल्याच्या निर्मळ प्रवासाची राख विदर्भातील माणसाच्या अंगणात पडते. मोटारीच्या बॅटरीसाठी लागणारे कोबाल्ट ज्या काँगोतून प्रामुख्याने येते, तेथील खाणींत लहान मुले राबतात, हेही जगजाहीर आहे. हीच वीज आणि हीच बॅटरी पन्नास माणसांच्या बसगाडीत वापरली तर तिचे सामाजिक मोल शतपट वाढते. एका माणसाच्या मोटारीत वापरली तर धुराची जागा बदलते, एवढेच.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात मध्यरात्रीनंतर एका भरधाव मोटारीने मोटारसायकलीवरील दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. मोटार एक अल्पवयीन मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे. काही तासांत त्याला जामीन मिळाला आणि अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा सारा देश संतापला. त्या संतापात एक गोष्ट फारशी चर्चिली गेली नाही. ती मोटार विजेवर चालणारी होती. तिने हवेत धूर सोडला नव्हता. ती अत्याधुनिक होती, महागडी होती आणि पर्यावरणस्नेही म्हणून गौरविल्या जाणाऱ्या जातीची होती. यंत्र बदलल्याने रस्त्यावरील सत्तासंबंध बदलत नाहीत, हे यापेक्षा विदारकपणे कसे सिद्ध व्हावे?

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी सुमारे चव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची होती, तर बत्तीस हजारांहून अधिक माणसे पायी चालणारी होती. आणि सुरक्षेचे नवे तंत्रज्ञान कोणासाठी आहे? २०२३ पासून मोटारींना सुरक्षिततेचे तारे देण्याची पद्धत देशात सुरू झाली. हे तारे मुख्यतः मोटारीच्या आत बसणाऱ्यांच्या सुरक्षेचे आहेत. हवेच्या पिशव्या आत, मजबूत सांगाडा आतल्यांसाठी. आणि मरणारा बहुधा बाहेर. गिऱ्हाईक वाचले पाहिजे, कारण ते पैसे देते. पादचारी कोणाचेच गिऱ्हाईक नाही. बाजाराच्या हाती सोपविलेले विज्ञान याच दिशेने धावणार, यात नवल ते कसले?

याचा अर्थ समाजवाद्यांनी यंत्राला नाक मुरडावे असा नव्हे. बैलगाडीचे गोडवे गाणारी ही भूमिका नाही. विजेची बसगाडी हवी आहे आणि ती हजारोंच्या संख्येने हवी आहे. प्रश्न आहे तो यंत्र कोणाच्या हाती आणि कोणत्या अटींवर, हा. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात बेस्टच्या ताफ्यातील विजेची बसगाडी गर्दीत घुसली आणि किमान सात माणसे मृत्युमुखी पडली. गाडी भाडेतत्त्वावरची होती आणि चालक कंत्राटी होता. या नव्या स्वयंचलित गाडीचे पुरेसे प्रशिक्षण त्याला मिळाले होते काय, हा प्रश्न तपासात उभा राहिला. कायम नोकरी, रीतसर प्रशिक्षण आणि जबाबदारीची साखळी मोडून केवळ चकचकीत यंत्र आणले म्हणजे सार्वजनिक सेवा आधुनिक होत नाही. एसटीसाठी ५,१५० विजेच्या बसगाड्या ठेक्याने आणण्याचा गाजावाजा झाला. गाड्या वेळेवर येईनात, तेव्हा २०२५ मध्ये खुद्द परिवहनमंत्र्यांवर ठेका रद्द करण्याची भाषा बोलण्याची पाळी आली. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूर येथे स्वतःच्या कार्यशाळांत गाड्यांची बांधणी करणाऱ्या महामंडळाला ठेकेदाराच्या दारात ताटकळत उभे करण्यात आले, याला आधुनिकीकरण म्हणावयाचे काय?

मोटारीची बाजू घेणाऱ्यांचे दोन युक्तिवाद मात्र गंभीरपणे घेतले पाहिजेत. पहिला रोजगाराचा. पिंपरी आणि चाकणच्या परिसरात हजारो कामगारांची चूल मोटारधंद्यावर पेटते. त्यांच्या पोटावर पाय देणारे धोरण समाजवादी असू शकत नाही. परंतु या पट्ट्यात कंत्राटी आणि शिकाऊ म्हणून राबणाऱ्या तरुणांना मोटारींचा खप वाढल्याने कायम नोकरी मिळाली, असा अनुभव नाही. बसगाडीही कारखान्यातच तयार होते. शिवाय ती चालक, वाहक, यांत्रिक आणि आगारातील कर्मचारी असा रोजगार आयुष्यभर पोसते. मोटार एकदा विकली की संपली.

दुसरा युक्तिवाद अधिक जिव्हाळ्याचा आहे. ज्याच्या बापाने जन्मभर एसटीच्या टपावर ओझी चढविली, त्याने मोटार घेतली तर तिच्यात त्याचा आत्मसन्मान असतो. आजारी आईला रात्री रुग्णालयात नेणाऱ्याला, फलाटावरील गर्दीत धक्के खाणाऱ्या स्त्रीला, मोटार ही चैन वाटत नाही. या भावनेची टवाळी करणारा कार्यकर्ता लोकांपासून तुटेल आणि ते योग्यच होईल. मात्र त्या माणसाला मोटार का घ्यावी लागली? फाट्यावर दोन-दोन तास बस आली नाही म्हणून, आणि रात्री रुग्णवाहिका मिळाली नाही म्हणून. शासनाने सार्वजनिक सेवा खिळखिळी केली आणि कर्जाचा हप्ता त्याच्या गळ्यात बांधला. फ्रेंच समाजवादी विचारवंत आंद्रे गॉर्झ यांनी १९७३ मध्येच दाखवून दिले होते की, मोटार ही मूठभरांकडे असते तोवरच उपयोगी पडणारी वस्तू आहे; ती साऱ्यांकडे आली की कोणालाच पुढे जाता येत नाही. पुण्याच्या हिंजवडी मार्गावर सायंकाळी अडकलेल्या माणसाला हे पटविण्यासाठी पुस्तकाची गरज नाही.

या संदर्भात चळवळीने स्वतःलाही तपासून पाहिले पाहिजे. १९७० च्या दशकात संजय गांधींच्या मारुती प्रकल्पावर समाजवाद्यांनी संसदेत झोड उठविली, ते योग्यच होते. परंतु तो हल्ला प्रामुख्याने परवाना, जमीन आणि वशिलेबाजी यांवर होता. या गरीब देशाला आधी स्वस्त मोटार हवी की भरपूर बसगाड्या, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाच्या स्वप्नांची दिशा तिने ठरवून टाकली. २००८ मध्ये एक लाखाच्या मोटारीची घोषणा झाली, तोवर सिंगूरच्या शेतकऱ्यांना त्या स्वप्नाची किंमत कळून चुकली होती. आणि कार्यकर्ते? खांद्यावर झोळी घेऊन मुक्कामाच्या एसटीने गावी उतरणारा कार्यकर्ता आता शिबिराला मोटारीने येतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. गाडीच नसेल तर तो येणार कसा? पण जो बसमध्ये बसत नाही, त्याला बस कमी झाल्याचे कळत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा खेड्यापाड्यांतील मुलींच्या शाळा-महाविद्यालयांची वाट बंद झाली. तो आकांत किती पक्षकार्यालयांपर्यंत पोहोचला, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. महाराष्ट्रात समतेचा अनुभव कोठे मिळाला असेल तर तो तिच्या बाकावर; तेथे जात विचारून जागा दिली जात नव्हती. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट मिळाले आणि गाड्या भरभरून वाहू लागल्या. लोकांना बस नको आहे, हा प्रचार त्या गर्दीनेच खोटा पाडला. तिकीट अर्धे झाले, पण गाड्या वाढल्या नाहीत. करोनापूर्वी अठरा हजारांच्या आसपास असलेला ताफा नंतर पंधरा हजारांच्या घरात घसरला होता. लढ्याची जागा नेमकी येथे आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. खाजगी मोटारीला, ती कोणत्याही इंधनावर चालो, सार्वजनिक तिजोरीतून एक पैसाही सवलत नको. आलिशान मोटारींवर भरघोस कर हवा आणि तो बससाठी राखून ठेवला जावा. एसटीवरील प्रवासी कराचा बोजा कायमचा उतरावा. शहरातील प्रत्येक मोठ्या रस्त्यावर बसला स्वतंत्र मार्गिका आणि पादचाऱ्याला अखंड पदपथ मिळावा. विजेच्या बसगाड्या सार्वजनिक मालकीच्या असाव्यात आणि त्यांवरील चालक-वाहक कायम नोकरीतले असावेत. या मागण्या घेऊन प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याने आठवड्यातून एक दिवस तरी आगारात उभे राहावे, सुटलेल्या आणि रद्द झालेल्या फेऱ्यांची नोंद ठेवावी, ती नोंद घेऊन आगारप्रमुखाकडे, तहसीलदाराकडे आणि आमदाराकडे जावे. विजेच्या मोटारीच्या जाहिरातीला उत्तर द्यावयाचे, तर सकाळी सातच्या रद्द झालेल्या फेरीपासून सुरुवात करावी. त्या फेरीची वाट पाहत फाट्यावर उभी असलेली मुलगी आजही तेथेच उभी आहे.