जुने लाकूड आणि नवा हप्ता

दिवाळी किंवा लग्नकार्य जवळ आले की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील अनेक मध्यमवर्गीय घरांत एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. बैठकीतील सोफ्याच्या गाद्या बसलेल्या असतात, रेक्झिन फाटलेले असते, आजोबांच्या आरामखुर्चीचा वेत तुटलेला असतो. हे सारे दुरुस्त करावे की मोडीत काढून नवे आणावे? वडीलधारे ‘जुने ते सोने’ म्हणतात, तर तरुण मंडळी ‘चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण पुढे करतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही म्हणी अर्धसत्य आहेत.

वस्तुतः जुन्या वस्तूवर पूर्वी किती पैसा खर्च झाला, या गोष्टीला निर्णयात स्थान नाही; तो पैसा परत येणारा नाही. पाहावयाचा तो पुढचा खर्च आणि त्यातून मिळणारी वर्षे. समजा, सागवानी सोफ्याच्या गाद्या व कापड बदलण्यास ८,००० रुपये लागले आणि तो आणखी १० वर्षे टिकला, तर वर्षाचा खर्च ८०० रुपये पडतो. भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा नवा सोफा २४,००० रुपयांना आणला आणि तो ६ वर्षांत खिळखिळा झाला, तर हाच खर्च ४,००० रुपयांवर जातो. मात्र जुने लाकूड पोखरलेले असून दुरुस्ती दोनच वर्षे टिकली, तर तीही वर्षाला ४,००० रुपयांनाच पडते.

म्हणून परीक्षा कापडाची नव्हे, सांगाड्याची करावयास हवी. खुर्ची उलटी करून सांधे हलवून पाहावेत. वाळवीची माती, किडीची छिद्रे आणि ताजा भुसा शोधावा. सैल सांधा सुतार पुन्हा बसवू शकतो. पोकळ झालेले लाकूड तो भरीव करू शकत नाही. भीमाशंकर व नाणेघाटाकडील पावसाच्या पट्ट्यात तर आणखी एक विचार आवश्यक ठरतो. दाबलेल्या भुशाची फळी ओल लागताच फुगते आणि तिच्यातील स्क्रूची पकड सुटते. जुने, पक्के सागवान अशी ओल पुष्कळ सोसते.

या हिशोबात हप्त्याची सोय मोठी गफलत करते. ‘बिनव्याजी’ हप्त्याचे व्याज बहुधा प्रक्रिया शुल्कात किंवा नाकारलेल्या सवलतीत दडलेले असते. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते, याचे स्मरण पगारदार कुटुंबांनी ठेवणे हिताचे.

तथापि, दुरुस्तीचा पर्याय कागदावर कितीही किफायतशीर ठरला, तरी तो करणारा हात जवळ असावा लागतो. कारखान्यातील यंत्र एकाच मापाच्या वस्तू झपाट्याने तयार करते. दुरुस्तीत मात्र प्रत्येक खुर्चीचे दुखणे निराळे, म्हणून मजुरी अधिक. ती महाग वाटते आणि कारागिराचा मुलगा दुसरा धंदा शोधतो. वास्तविक बाहेरून आलेल्या सोफ्याच्या किमतीचा मोठा भाग तालुक्याबाहेर जातो. दुरुस्तीची मजुरी बव्हंशी तालुक्यातच फिरते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतार आहे, परंतु सोफा-खुर्च्यांच्या गाद्या बसविणाऱ्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. स्वीडनने २०१७ मध्ये सायकली, पादत्राणे व कपडे यांच्या दुरुस्तीवरील कर २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणला होता. दुरुस्तीलाही धोरणाचा आधार देता येतो, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

आरंभ मात्र शाळा, महाविद्यालये आणि कचेऱ्या यांनीच करावा. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद असलेली, पण मागच्या खोलीत रचून ठेवलेली मोडकी बाके पुष्कळ ठिकाणी दिसतात. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठविण्यापूर्वी ती स्थानिक सुताराला दाखविण्याचा नियम झाला आणि अंदाजपत्रकात दुरुस्तीसाठी दरवर्षी रक्कम राखून ठेवली, तर त्याला खात्रीचे काम मिळेल. तो गावात टिकला, तरच घरोघरच्या आरामखुर्च्यांपुढेही दोन पर्याय उरतील. अन्यथा दुरुस्ती की खरेदी, हा प्रश्न कुटुंबाने सोडविण्यापूर्वी बाजारच सोडवून टाकील. आणि त्याचे उत्तर हप्त्यांतच द्यावे लागेल.