दया कोणाच्या ठेवीतून?

अमेरिकेतील लुईव्हिल ग्रेज या बेसबॉल संघाचा जिम डेव्हलिन हा आधारस्तंभ होता. १८७७ च्या हंगामात संघाच्या प्रत्येक सामन्यात आरंभापासून अखेरपर्यंत चेंडूफेक त्यानेच केली. ऑगस्टमध्ये अग्रस्थानी असलेला हा संघ एकाएकी हरू लागला. पदाधिकाऱ्यांनी खेळाडूंना आलेल्या तारा तपासल्या, तेव्हा सट्टेबाजांशी असलेले संधान उघडकीस आले. डेव्हलिनने पैसे घेतल्याची कबुली दिली. त्याच्यासह चार खेळाडूंवर आजन्म बंदी आली.

नॅशनल लीग या संघटनेचा तो दुसराच हंगाम होता. तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाचा विश्वास हेच तिचे भांडवल.

पुढे विपन्नावस्थेत डेव्हलिनने लीगचे अध्यक्ष विल्यम हल्बर्ट यांच्याकडे क्षमायाचना केली. समकालीन खेळाडू अल्बर्ट स्पॉल्डिंग यांनी लिहून ठेवले आहे, की हल्बर्ट यांनी स्वतःच्या खिशातून ५० डॉलर काढून त्याच्या हाती ठेवले. मात्र बंदी उठवली नाही. डेव्हलिन नंतर फिलाडेल्फियात पोलीस झाला आणि १८८३ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी निवर्तला.

दया स्वतःच्या खिशातून करावी. इतरांनी विश्वासाने सोपवलेल्या ठेवीतून नव्हे. पेढी सांभाळणाऱ्याने हा भेद सदैव ध्यानी ठेवावा.