स्वतःपुरत्या आनंदाचा हिशेब

तरुणपणी माणसाने जग बदलण्याची स्वप्ने पाहावीत, संसार मागे लागला की ती आवरून ठेवावीत आणि उतारवयात आपला आनंद आपणच निर्माण करावा, असे एक तत्त्वज्ञान मध्यमवर्गात आता चांगलेच रुळले आहे. निरोपसमारंभात ते फुकट ऐकायला मिळते, व्याख्यानमालांतून पैसे मोजून. ध्येयवाद म्हणजे जणू दुधाचे दात. ते पडायचेच, त्यांचा शोक कसला करायचा? या तत्त्वज्ञानातील लबाडी अशी की, आपोआप काय पडले आणि मुद्दाम काय पाडले गेले, यांतला फरकच ते पुसून टाकते. हा फरक पाहायचा असेल तर कामोठ्याइतके सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही.

हार्बर मार्गावरील मानसरोवर स्थानकाच्या आसपास पसरलेली ही वसाहत आज इमारतींनी भरली आहे. दोन पिढ्यांपूर्वी येथे भातशेती आणि खाजणे होती. या भूमीवर प्रथम आले ते एक स्वप्नच. मुंबईची कोंडी फोडण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडली. तिघेही तेव्हा तरुण होते. मुख्य भूमीवरील विकासाला धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही पाठबळ दिले आणि १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. या योजनेच्या मुळाशी असलेले अर्थशास्त्र साधे पण मूलगामी होते. जमिनीची किंमत वाढते ती मालकाच्या घामाने नव्हे, तर समाज तेथे येऊन राहू लागतो म्हणून. मग ती वाढ समाजालाच मिळावी, तिच्यातून रस्ते, शाळा आणि गरिबाला परवडणारे घर उभे राहावे. ही भाबडी कविकल्पना नव्हती. हा हिशेब होता आणि तो बरोबर होता.

तो हिशेब मोडला कोणी? नव्या शहराचा प्राण म्हणून राज्यकारभार तिकडे हलवायचा होता. मंत्रालय जागचे हलले नाही. उलट दक्षिण मुंबईत समुद्र बुजवून नरिमन पॉइंटचे मनोरे उभे राहिले. स्वप्न पाहणारे म्हातारे झाले म्हणून हे घडलेले नाही. ज्यांच्या हाती निर्णय होता, त्यांना जुन्या शहरातील भूखंड अधिक गोड वाटले.

तथापि त्या स्वप्नातही एक खोट होती, आणि ती लहान नव्हती. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी ज्यांच्याकडून घ्यायच्या, ते आगरी, कोळी, कराडी शेतकरी या वाढीचे भागीदार म्हणून कोणी धरलेच नव्हते. ही चूक दुरुस्त करून घेण्यासाठी त्यांना रक्त सांडावे लागले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई व नवघर परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची जी योजना १९९० च्या दशकात अमलात आली, तिच्यामागे हे बलिदान आहे. ज्याची जमीन गेली, त्याला वाढीव मूल्यात कायमचा वाटा हवा, हे तत्त्व देशाने उचलावे अशा तोलाचे होते.

प्रत्यक्षात काय झाले? तत्त्व सामुदायिक होते, वाटप मात्र एकेका कुटुंबाला झाले. सार्वजनिक सुविधांच्या नावाने पावणेचार टक्के आधीच कापले गेले. उरलेल्या तुकड्यावर वारसांची नावे लागली, त्रिपक्षीय करार झाले आणि भूखंड बिल्डरांच्या हाती गेले. गावाची सहकारी संस्था काढून आपल्या जमिनीवर आपणच शहर बांधावे, यासाठी ना सरकारने हात दिला, ना पुढाऱ्यांनी वाट दाखवली. १९८४ साली विशीत असलेला तरुण आज साठीत आहे. ‘आता आपापले पाहावे’ हे शहाणपण त्याला वयाने शिकवले नाही. करारनाम्यावरील सहीने शिकवले.

त्या इमारतींत राहायला आलेल्यांची हेटाळणी करण्याचे मात्र काही कारण नाही. चळवळीतील काही जुनी मंडळी ‘फ्लॅट संस्कृती’वर नाके मुरडतात, पुष्कळदा ती स्वतः पुण्यातल्या प्रशस्त सोसायटीत राहून हे करीत असतात. चाळीतल्या एका खोलीत सात माणसांत वाढलेल्या गृहिणीला स्वतःचे स्वयंपाकघर आणि दाराआड नळ मिळाला, तर तो आनंद खरा आहे. आक्षेप त्या आनंदाला नाही. तो एकट्यानेच निर्माण करता येतो, या समजुतीला आहे.

कारण एकट्याचा आनंद महाग पडतो. उन्हाळ्यात नळ आटला की सोसायटी टँकर मागवते. शाळेवर भरवसा नाही म्हणून मुलाला क्लास लावायचा, रुग्णालयाच्या धास्तीने विम्याचा हप्ता भरायचा आणि या सर्वांच्या डोक्यावर पुन्हा घराच्या कर्जाचा हप्ता. जे पाणी, जे शिक्षण, जे औषधपाणी एकत्र मिळून स्वस्तात मिळाले असते, ते प्रत्येक जण वेगवेगळे आणि चढ्या दराने विकत घेतो आणि त्याला स्वावलंबन म्हणतो. शिवाय ज्याच्या खिशात ही किंमत नाही त्याचे काय? फाटकावर बारा तास उभा असणारा पहारेकरी आणि चार घरची धुणीभांडी करणारी बाई यांना ‘आनंद हा मानण्यावर आहे’ असे सांगणे, हा उपदेश नसून उर्मटपणा आहे.

एकत्र येण्याची शक्ती संपलेली नाही, हेही कामोठ्याने दाखवले आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली. पुढे २०२१ मध्ये मागील वर्षांच्या थकबाकीसह मालमत्ता कराची बिले दारात आली. सिडकोला सेवाशुल्क भरलेच आहे, मग हा दुहेरी भुर्दंड का, असा रास्त सवाल करीत खारघर, कळंबोली, कामोठ्याचे रहिवासी रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले. जन्मात घोषणा न दिलेल्या माणसांनी घोषणा दिल्या. मात्र बिलाच्या पलीकडे हा संघर्ष फारसा गेला नाही. २०२२ मध्ये पहिल्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. कोणता रस्ता आधी करायचा, कोणत्या शाळेवर किती खर्च करायचा, हे तीन वर्षांहून अधिक काळ निवडून दिलेल्या एकाही माणसाला विचारता येत नव्हते. त्या रिकाम्या सभागृहासाठी करबिलाइतकी माणसे काही जमली नाहीत.

आता नगरसेवक आले आहेत. अंदाजपत्रक मागून घेणे, ते वाचणे, पालिकेच्या शाळा-दवाखान्यांची तरतूद आणि पाण्याचे वेळापत्रक यांचा जाब विचारणे, यासाठी लागणारा वेळ निवृत्तांइतका दुसऱ्या कोणापाशी नाही. आणि पहाटे उद्यानात जमण्याची सवय त्यांना हास्यक्लबाने लावलेलीच आहे.